भरली तरी तरंगणारी होडी

श्रोतेहो, नमस्कार.

सांगली-मिरज रस्त्यालगत माझी पत्र्याची शेड आहे आणि तिच्यात शिडाच्या होड्या तयार होतात. हे कळलं की पहिला प्रश्न ठरलेला : "इथं समुद्र कुठाय?" समुद्र नाही, पाणी मात्र भरपूर आहे. साताऱ्याकडं कोयनेचा शिवसागर आहे, बामणोली-तापोळ्यापर्यंत पसरलेला. वाईच्या वर धोम आहे. आणि कृष्णा तर दारातच. पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर गेलं, हे सांगलीत शाळकरी पोरालाही तोंडपाठ असतं. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका.

माझ्याकडं एका वेळी एकच होडी असते. मी आणि दोन पोरं, एवढीच माणसं. साचा नाही, त्यामुळं एकीसारखी दुसरी होत नाही. ज्याची होडी त्याच्या मापाची, आणि ज्या पाण्यात जायची त्या पाण्याच्या स्वभावाची.

दोन वर्षांमागं वाईकडचे एक निवृत्त गुरुजी आले. म्हणाले, "मिस्तरी, बारा फुटी होडी पाहिजे. मी आणि ही, दोघंच बसणार." मी लांबीचं लगेच काही बोललो नाही. विचारलं, गुडघे दुखतात का? काकूंना पोहता येतं का? होडी गाडीवरून उतरवायला तिसरं माणूस असेल का? गुडघे दोघांचेही दुखत होते, काकूंना पोहता येत नव्हतं आणि तिसरं माणूस नव्हतं. होडी तिथंच निम्मी ठरली. बैठक उंच, तळ रुंद आणि वजन दोन म्हाताऱ्या माणसांना ढकलत पाण्यात नेता येईल एवढंच.

मग एक दिवस आम्ही धोमच्या काठावर काढला. काठीला कापडाची पट्टी बांधली आणि बघत बसलो. डोंगरांच्या मधल्या पाण्यावर वारा सरळ वाहत नाही. दहा मिनिटं शांत असतो आणि एकदम खिंडीतून झोत येतो, तोही दिशा बदलून. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा दाब चौपट होतो. म्हणून गुरुजींना हवं होतं त्यापेक्षा शीड लहान धरलं, आणि वारा वाढला तर ते बसल्या जागेवरून आखडता येईल अशी दोरी दिली. त्यांना ते जरा लागलं. मी मात्र ऐकलं नाही.

आता कामाचं सांगतो. मरीन प्लायचे लांब तुकडे कापायचे, कडेला भोकं पाडायची आणि तांब्याच्या तारेनं एकमेकांना टाके घालायचे. गोधडी शिवावी तशी. टाके ओढत जाल तसा सपाट प्लाय वळतो आणि सकाळी जमिनीवर पडलेल्या फळ्यांना संध्याकाळी होडीचा आकार येतो. इतकी होडकी केली, तरी ती संध्याकाळ मला अजून नवी वाटते. मग सांध्यांत इपॉक्सीची, म्हणजे दोन द्रव कालवले की दगडासारख्या घट्ट होणाऱ्या गोंदाची, लुगदी भरायची, वरून काचेच्या कापडाची पट्टी चिकटवायची.

इपॉक्सीला आपली हवा जपावी लागते. एप्रिलच्या उन्हात डब्यात कालवलं तर ते आपल्याच उष्णतेनं तापतं, धुरकटतं आणि हातातच दगड होतं. आम्ही पसरट परातीत थोडं थोडं कालवतो, म्हणजे उष्णता निघून जाते. पावसाळ्यात दमट हवेनं वर चिकट मेणासारखा थर येतो. तो साध्या पाण्यानं धुतल्याशिवाय पुढचा हात दिला, तर तो हात पुढं सालपटासारखा सुटतो.

प्लायचा अनुभव कडू आहे. सुरुवातीला एका दुकानदारानं आयएस ७१० चा, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा, शिक्का असलेला माल दिला. सहा महिन्यांत त्याचे पदर सुटले. तेव्हापासून प्रत्येक खेपेतला तुकडा मी तीन दिवस पातेल्यात उकळतो. मानकातही ७२ तास उकळण्याचीच परीक्षा आहे. पदर सुटले तर माल परत.

लाकूड ओळखायला मी मिरजेत शिकलो. सतारी-तंबोऱ्यांच्या कारागिरांकडं जाऊन बसायचो. बोटाच्या पेरानं टिचकी मारून ते सांगतात, हे वाळलंय, हे अजून ओलं आहे. सतारीला लागणारं तूनचं लाकूड हलकं असतं. माझ्या होड्यांच्या आतल्या पट्ट्या त्याच्याच असतात. वजनाबद्दलचा हट्टही मी तिथूनच घेतला. तबली, म्हणजे सतारीच्या भोपळ्यावरची पातळ फळी, एका केसाएवढी जाड राहिली तरी ते पुन्हा तासायला बसतात.

शिडाचं कापड शिवताना मात्र शिंप्याची अक्कल लागते. शीड सपाट चालत नाही, त्याला पोट लागतं. दोन पट्ट्यांच्या कडा किंचित गोल कापून जोडल्या की ते पोट येतं. ब्लाउजला टक्स घालतात, तोच हिशोब.

आता ज्यासाठी मी आज बोलायला आलो, ते. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विनजवळ पाणी ५७ फुटांच्या पुढं गेलं. त्याच पुरात ब्राह्मणाळला, कृष्णा-येरळेच्या संगमाजवळच्या गावात, माणसांना बाहेर काढणारी भरलेली होडी उलटली. गावातली माणसं गेली, बायका, लेकरं. त्यानंतर कित्येक दिवस मला हत्यार हातात घेववलं नाही. मी होड्या बांधतो, आणि होडी भरली तर पुढं काय, याचा तोवर पुरता विचार केला नव्हता.

शाळेत प्लावक बल शिकतो आपण. दोनशे लिटरची हवाबंद पेटी पाण्याखाली दाबायची तर जवळजवळ दोनशे किलोचं वजन लागतं. होडीच्या नाळेत म्हणजे पुढच्या टोकाला, मागच्या बाजूला आणि बैठकांखाली अशा बंद पेट्या केल्या, तर काठोकाठ भरलेली होडीही वर राहते आणि माणसाला धरायला राहते. तेव्हापासून पेट्यांशिवाय होडी देत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, "त्या जागेत सामान मावलं असतं, खर्चही वाचला असता." खर्च वाढतो, खरं आहे. एका होडीला तीनशेच्या आसपास तास जातात, त्यातले निम्मे नुसते घासण्यात. पहिल्या होडीला मी फक्त प्लाय आणि रेझिनचे पैसे लावले होते, तासांचे लावलेच नाहीत. घरात चार महिने ओढाताण झाली. आता सगळे तास धरून किंमत सांगतो, टप्प्याटप्प्यानं पैसे घेतो आणि पेट्यांवर घासाघीस करत नाही. दोन गिऱ्हाइकं त्यावरून परत गेली. जाऊ दिली.

गुरुजींची होडी जानेवारीत कृष्णेच्या घाटावर आणली. पाणी संथ होतं. शीड लावायच्या आधी बादल्यांनी ती काठोकाठ भरली. घाटावरची माणसं जमली, एक म्हातारी म्हणाली, "नवी होडी बुडवताय होय रं?" होडी बसली, कडा पाण्याला टेकल्या आणि तिथंच थांबली. काकूंना लाइफ जॅकेट घातलं आणि म्हटलं, बसा आत. छातीपर्यंत पाण्यात त्या बैठकीवर बसल्या, दोन्ही हातांनी कड धरली. गुरुजी काठावर, चपला हातात घेऊन, एक शब्द न बोलता उभे होते.

काकू तशाच थोडा वेळ बसून राहिल्या. मग एक हात सोडला, पाण्यावर फिरवला आणि गुरुजींना म्हणाल्या, "अहो, या की. जागा आहे."