वाघाच्या शिकारीला सात वर्षे, पण कागदावर

(दृश्य: तालुका न्यायालयाचा व्हरांडा. सीलबंद मुद्देमाल घेऊन थांबलेले वनरक्षक.)

निवेदन:

वाघ, बिबट्या, खवल्या मांजर. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी मारला, की कलम 51 लागते. किमान 3 वर्षे कैद, जास्तीत जास्त 7. किमान दंड आधी 10 हजार होता. 2022 च्या दुरुस्तीने तो 25 हजार झाला, लागू झाला 1 एप्रिल 2023 पासून. कैदेच्या वर्षांना कुणी हात लावला नाही. शिकार व्याघ्र प्रकल्पात झाली असेल तर दंड 50 हजार ते 2 लाख. तोच गुन्हा दुसऱ्यांदा सिद्ध झाला तर किमान 7 वर्षे, आणि दंड 5 ते 50 लाख.

नेपाळमध्ये वाघ किंवा गेंडा मारणाऱ्याला 5 ते 15 वर्षे होतात. त्यापुढे आपला कायदा मवाळच वाटतो, आणि सातची दहा वर्षे करा, असे म्हणावेसे वाटते. पण आधी हे बघू, की आपल्याकडची सात वर्षे तरी कुणाच्या वाट्याला येतात का.

असे खटले चालतात प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे. आणि या न्यायालयाला 3 वर्षांपेक्षा जास्त कैद सुनावताच येत नाही. म्हणजे कायद्यातली किमान शिक्षा हीच इथली कमाल शिक्षा! जास्त द्यायची असेल तर प्रकरण मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवावे लागते; त्यांना 7 वर्षांपर्यंत अधिकार आहे. सरकारी वकिलाने हे सुरुवातीलाच मागितले नाही, तर सातचा आकडा पुस्तकातच राहतो.

(दृश्य: पंचनामा लिहिणारा हात. शेजारी जबड्याचा लोखंडी सापळा.)

खरी पडझड मात्र त्याच्याही आधी, जंगलात होते. कातडे जप्त झाले, पंचनामा झाला. पंच कोण? घाईत वन विभागाचेच रोजंदारी मजूर उभे केले जातात. दोन-चार वर्षांनी ते कोर्टात येतात आणि सांगतात, साहेबांनी सही करायला सांगितली, केली. पंच फितूर झाला, की जप्ती डळमळते.

मग नमुने. मांसाचा तुकडा इथेनॉलमध्ये ठेवायचा, फॉर्मॅलिनमध्ये नाही, कारण फॉर्मॅलिनने डीएनए खराब होतो. कातड्याचा तुकडा आधी सुकवायचा आणि कागदी पाकिटात भरायचा. ओला तुकडा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधला तर देहरादूनला किंवा हैदराबादच्या प्रयोगशाळेत पोचेपर्यंत त्याला बुरशी आलेली असते. प्रत्येक नमुन्याला वेगळी बाटली, वेगळा क्रमांक, आणि सीलचा ठसा वेगळ्या कागदावर. मुद्देमाल कुणी, कधी, कुणाकडे दिला, याची नोंद एका दिवसासाठी जरी तुटली तरी बचावाचा वकील विचारतो, मधल्या काळात पाकीट कुणाच्या कपाटात होते?

हा कीस उगाच पाडला जात नाही. कुत्र्याचे कातडे रंगवून वाघाचे म्हणून विकणारे आहेत, शिंगापासून नकली नखे करणारेही आहेत. प्रयोगशाळेचा अहवाल नसेल तर आरोपी बिनधास्त म्हणतो, माल बनावट होता.

अख्खे कातडे हाती लागले असेल तर आणखी एक दार उघडते. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात. कॅमेरा ट्रॅपच्या, म्हणजे जंगलात लावलेल्या आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांच्या, छायाचित्रांशी ते जुळले, तर वाघ कुठल्या प्रकल्पातला होता ते कळते आणि मोठ्या दंडाच्या कलमाला आधार मिळतो. नाही जुळले तर उरतो नुसता कातडे बाळगल्याचा गुन्हा.

2013 मध्ये मेळघाटात वाघांच्या शिकारी उघड झाल्या, तेव्हा मोबाइलच्या नोंदींवरून टोळीची साखळी जोडण्याचे काम वन विभागाने हाती घेतले. ही पद्धत चांगली, पण त्या नोंदींसोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र लागते. ते राहिले तर टॉवरचे नकाशे दाखवून उपयोग नाही.

कबुलीजबाबाचेही तसेच. सहायक वनसंरक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याने, आरोपीच्या समक्ष नोंदवलेला पुरावाच कलम 50 खाली खटल्यात ग्राह्य. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याने (आरएफओ) लिहून घेतला आणि सहायक वनसंरक्षकाने (एसीएफ) नंतर सही केली, की त्याची किंमत गेली. शिवाय या कायद्याखालच्या गुन्ह्याची दखल न्यायालय अधिकृत अधिकाऱ्याच्या तक्रारीवरून घेते. पोलिसांचे नुसते दोषारोपपत्र चालत नाही. आणि तक्रारीचा खटला म्हटला की आरोप ठेवण्याआधी एकदा साक्ष, आरोप ठेवल्यावर पुन्हा उलटतपासणी. तोवर वनरक्षकाची बदली झालेली असते.

(दृश्य: रेल्वे स्थानक, रात्र.)

दरम्यान आरोपी जामिनावर. कलम 51अ मध्ये जामिनाच्या कडक अटी आहेत, पण त्या फक्त आधी या कायद्याखाली दोषी ठरलेल्यांना लागू. निकालच वर्षानुवर्षे लागत नसेल, तर आधी दोषी ठरलेला आणायचा कुठून? वन्यप्राण्यांच्या कातड्यांचा कुख्यात तस्कर संसारचंद. त्याच्यावर पहिला गुन्हा 1974 मधला. 2003 मध्ये चेतक एक्स्प्रेसमध्ये पकडलेल्या बिबट्याच्या कातड्यांच्या प्रकरणात त्याला 5 वर्षे झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली 2010 मध्ये. मधल्या काळात राजस्थानच्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पातले वाघ संपले होते. बदल करायचाच असेल तर पहिला याच कलमात हवा. सातची दहा वर्षे नंतर बघू.

(दृश्य: शेत, बांधावरची तार, झटका मशीन.)

आणि वर्षे वाढवताना विदर्भातल्या या तारेचाही विचार हवा. झटका मशीन क्षणभराचा धक्का देते, जनावर मागे फिरते. बॅटरी उतरली, की कुणी तार थेट पंपाच्या लाइनला जोडतो. रानडुकरासाठी लावलेल्या त्या तारेवर वाघ मरतो. कलम तेच, किमान 3 वर्षे तीच, जी सापळे घेऊन फिरणाऱ्या टोळीला. भीतीपोटी शेतकरी वाघ पुरून टाकतो, आणि सापडेपर्यंत शवविच्छेदनाला फार काही उरत नाही. इथे वन विभाग आणि वीज कर्मचाऱ्यांची एकत्र रात्रगस्त लागते, आणि सौर कुंपणाचे अनुदान पेरणीच्या आधी हातात पडावे लागते.