माळ्याच्या घरचा आल्बम

मंडळी, डोळ्यांसमोर एक पुठ्ठ्याचा डबा आणा. १९०० साली कोडॅकने काढलेला ब्राउनी कॅमेरा दिसायला असाच होता आणि मिळायचा एका डॉलरला. तो डोळ्याला लावायचा नाही. पोटाशी धरायचा, वरच्या दोन तिरक्या रेघांवरून अंदाज घ्यायचा आणि खटका दाबायचा. सव्वादोन इंची चौकोनी फोटो यायचा, एका रिळात सहा. जरा हललेला माणूस पुसट यायचा. पण स्टुडिओत जाऊन, पाठीमागे रंगवलेला पडदा लावून ताठ बसायची गरज संपली. फोटो घरोघरी आला, सहलीला जाऊ लागला.

सॅन फ्रान्सिस्कोची माणसे हे कॅमेरे घेऊन गोल्डन गेट पार्कमधल्या जपानी चहा-बागेत जात. १८९४ च्या प्रदर्शनात जॉर्ज टर्नर मार्श यांनी तिथे जपानी खेडे उभारले होते. प्रदर्शन संपल्यावर ती जागा माकोतो हागिवारा या जपानी माळ्याने सांभाळायला घेतली. एकरभराची बाग त्यांनी पाच एकरांपर्यंत वाढवली. जपानहून झाडे आणली, मासे आणले, पदरचे पैसे घातले. मध्ये काही वर्षे त्यांना बागेतून काढले होते. त्यांनी जवळच स्वतःची दुसरी बाग थाटली. पुढे शहराने त्यांना परत बोलावले. कुटुंब राहायचे बागेतच. १९२५ साली ते वारले, पण मुलीने, जावयाने आणि नातवंडांनी काम थांबू दिले नाही.

त्या काळी इतके जपानी लोक माळीकामात का होते, तेही सांगतो. जपानहून आलेल्यांना अमेरिकेचे नागरिक होता येत नव्हते आणि १९१३ च्या कॅलिफोर्नियाच्या कायद्याने अशांना शेतजमीन विकत घेता येईना. दुसऱ्याच्या मातीत हात घालायला मात्र कोणाची हरकत नव्हती.

या बागेचे जुने हौशी फोटो पाहिले की मी आधी कडांकडे बघतो. मधोमध असतो तो उंच कमानीचा पूल, पाण्यातल्या प्रतिबिंबासकट पूर्ण गोल दिसणारा, आणि त्यावर चढलेले टोपीवाले पाहुणे. कडेला कुठेतरी चहाचा ट्रे घेतलेली किमोनोतली बाई असते. पाहुण्यांची नावे कधीकधी मागे पेन्सिलीने लिहिलेली असतात. तिचे नाव लिहायचे कोणाच्या डोक्यातही येत नसे. मला हे फार लागते.

मग या जपानी माणसांचे स्वतःचे फोटो कुठे गेले? डिसेंबर १९४१ मध्ये जपानने पर्ल हार्बर या अमेरिकेच्या नाविक तळावर हल्ला केला. अमेरिकेतल्या जपानी नागरिकांना कॅमेरे आणि शॉर्टवेव्ह रेडिओ पोलिसांत जमा करावे लागले. कित्येक घरांत लोकांनी आपल्याच हाताने पत्रे आणि फोटो चुलीत घातले. जपानमधल्या आजोबांचा गणवेशातला फोटो घरात सापडला तर काय होईल, ही भीती होती. आल्बममधून एकेक पान सोडवून चुलीत सारणारी आई माझ्या नजरेसमोरून हलत नाही.

राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या १९ फेब्रुवारी १९४२ च्या आदेशानंतर जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार माणसांना घराबाहेर काढून छावण्यांत डांबले. त्यांतले बहुसंख्य अमेरिकेचे जन्मजात नागरिक होते. हागिवारा कुटुंबालाही बाग सोडावी लागली. त्यांचे घर पाडले, बागेचे नाव बदलून ‘ओरिएंटल टी गार्डन’ केले. सॅन फ्रान्सिस्कोच्या बहुतेक जपानी लोकांना आधी टॅनफोरानच्या रेसकोर्सवर घोड्यांच्या तबेल्यांत ठेवले, नंतर युटाच्या वाळवंटात, टोपाझला नेले.

टोपाझमध्ये डेव्ह तात्सुनो नावाच्या दुकानदाराने आठ मिलिमीटरचा सिनेकॅमेरा चोरून आत मागवला. छावणीतल्याच एका कर्मचाऱ्याने त्याला मदत केली. त्याने धुळीतली पोरे टिपली, बर्फ टिपले, रोजचे जगणे टिपले. १९९६ साली ही घरगुती फिल्म अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत गेली. हौशी माणसाचे हे काम आहे, आणि मला ते मोठमोठ्या छायाचित्रकारांच्या कामाइतकेच मोलाचे वाटते.

१९५२ मध्ये बागेला जुने नाव परत मिळाले. १९७४ साली प्रवेशाजवळ हागिवारा कुटुंबाच्या स्मरणार्थ फलक लागला. तो घडवला शिल्पकार रूथ असावा यांनी; किशोरवयात त्या स्वतः छावणीत होत्या. हागिवारांची खुजी झाडे एका डॉक्टरांनी विकत घेऊन जपली होती. १९६५ साली त्यांच्या पत्नीच्या मृत्युपत्राने ती बागेत परत आली. घर जिथे होते, तिथे आज खोलगट बाग आहे. पाहुणे तिथे थांबून फोटो काढतात.