48 तास आणि काळी ट्रंक

श्रोतेहो, नमस्कार. फौजेतून निवृत्त झालेल्या भावांनो आणि त्यांच्या घरच्यांनो, आज तुमच्याशीच बोलायचंय.

2019 चा ऑगस्ट आठवतोय ना? पंचगंगा शिरोलीपाशी हायवेवर आली, कोल्हापूर तुटलं. आम्ही वडगावकडचे. अशाच एका पहाटे माझ्या थोरल्या भावाच्या, आबांच्या छातीत कळ आली. आबा निवृत्त हवालदार. ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना. तिच्या पॅनेलवरची, म्हणजे योजनेशी करार असलेली हॉस्पिटलं कोल्हापुरात आणि मध्ये पाणी! जवळच्या खाजगी हॉस्पिटलात नेलं. ते पॅनेलवर नव्हतं. पैसे भरा म्हणाले. उसाच्या बिलाचे ठेवलेले भरले.

ईसीएचएसचं कार्ड कुठाय? काळ्या ट्रंकेत. पांढऱ्या रंगात नाव-नंबर घातलेली ती ट्रंक, तुमच्याही घरी असेल. किल्ली आबांच्या करदोट्याला, आबा आयसीयूत. पुतण्यानं कुलूप फोडलं. झाकणाला आतून पॉलिक्लिनिकचा, म्हणजे ईसीएचएसच्या दवाखान्याचा नंबर चिकटवलेला. चौथी शिकलेल्या वहिनी, पण त्यांनीच फोन लावला. लागेना, लागेना, दुपारी लागला. किती वाजता लागला, पलीकडं कोण बोललं, सगळं कॅलेंडरच्या पानावर लिहून ठेवलं. पुढं "कळवलं कधी?" असं विचारलं, तेव्हा तेच पान कामाला आलं.

बायकोला पेन्शनीचे कागद दाखवायचे नाहीत, ही कसली रीत? वीस-वीस वर्षं तिनं एकटीनं घर ओढलं, म्हातारी माणसं सांभाळली, शेत बघितलं. तिच्यापासून काय लपवायचं? मला हे मुळीच पटत नाही.

तर 48 तास. पॅनेलबाहेरच्या हॉस्पिटलात तातडीनं दाखल व्हावं लागलं, तर 48 तासांच्या आत जवळच्या पॉलिक्लिनिकला कळवायचं. पुन्हा सांगतो, 48 तासांच्या आत. पॅनेलवरचं असेल तर कार्ड दाखवा, पैसे भरायचे नाहीत.

बाहेर भरलेले पैसे मागताना डिस्चार्ज कार्ड, मूळ बिलं, पावत्या आणि इमर्जन्सी होती असा डॉक्टरांचा दाखला लागतो. हा दाखला घरी निघण्याआधीच मागून घ्या. आमचा राहिला, पुतण्याला दोन खेपा पडल्या. पैसे सीजीएचएसच्या, म्हणजे केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेच्या दरानं मिळतात, बिल जास्त असलं तर वरचे आपले. आबांनाही कमीच मिळाले. जीव वाचवायला भरलेला पैसा असा कापला जातो, याचं मला फार वाईट वाटतं.

आबा बरे आहेत. ट्रंकेला नवं कुलूप घातलंय. त्याची एक किल्ली आता वहिनींच्या कमरेला असते.