'बायबलमध्ये दाखवा' म्हणणाऱ्यांसाठी

मागं उभे आहेत त्यांनी पुढं या की ओ, पहिल्या दोन ओळी मोकळ्या आहेत. चर्चमध्येही आपण त्या मोकळ्याच सोडतो, पण इथं दानाची पिशवी फिरणार नाही, निर्धास्त बसा.

विषय कार्डावर छापलाय तोच, आपण जे सिद्धांताचे शब्द वापरतो त्यांना शास्त्राधार आहे का. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो म्हणजे नंतर वेळ कमी पडला तरी ते राहून जाणार नाही. शब्द पवित्र शास्त्रात आहे का, हा अर्धा प्रश्न झाला. त्या शब्दानं जे सांगितलं जातं ते शास्त्रात आहे का, हा पुरा प्रश्न. आणि पुरा प्रश्न विचारला की प्रत्येक शब्दाचं उत्तर वेगळं येतं, काही शब्द ठणठणीत उभे राहतात, काही लंगडतात. सगळ्यांना एकाच काठीनं हाकायचं नाही.

हे आजच बोलायला का उठलो ते सांगतो. बेळगावात लंडन मिशन आलं ते १८२० साली, म्हणजे दोनशे वर्षं होऊन गेली. कॅम्पात एका बाजूला कॅथलिक, दुसऱ्या बाजूला मेथडिस्ट, मराठी उपासना, कन्नड उपासना, कोकणी मिस्सा, सगळं शेजारी शेजारी चालत आलंय. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, याला मराठीत आपण त्रैक्य म्हणतो, कन्नड मंडळी त्रियेक देवरु म्हणतात, कुणाला कधी अडचण आली नाही. आता मात्र घरात एक मोबाईल आणि त्यात एक तीन मिनिटांचा व्हिडिओ एवढं पुरतं. त्रैक्य शब्द बायबलमध्ये दाखवा, नाही ना? मग सोडा. बस्स, वाद संपला, आणि बिचारा पाळक घाम पुसत उभा.

खानापूर तालुक्यातल्या एका गावी आमच्या नात्यातल्या एका म्हाताऱ्या बाईंची माती होती. पावसाळा, रस्त्यात गुडघाभर चिखल, तरी माणसं आली होती, हिंदू शेजारीही आले होते, त्यांनीच खड्डा खणायला हात लावलेला. पाळकांनी शास्त्रपाठ वाचला आणि सगळ्यांनी प्रेषितांचा मतांगीकार, म्हणजे आपण काय मानतो ते सांगणारी जुनी कबुली, म्हणायला सुरुवात केली, मी देवपित्यावर विश्वास ठेवतो. अर्ध्यावर आलो असू, तेवढ्यात सोयऱ्यांपैकी एक तरुण उपदेशक, कुठल्या तरी नव्या सहभागितेतला, नाव घेत नाही, पुढं आला आणि म्हणाला, थांबवा, हे माणसांनी लिहिलेलं आहे, शास्त्रात असा मतांगीकार नाही. शवपेटी दोरावर, दोर धरलेल्या माणसांचे हात भरून आलेत, आणि हा तिथं पुरावा मागतोय. अधोलोकात उतरला हे कुठं लिहिलंय, पवित्र मंडळी हे शब्द कुठं आहेत. पाळक गप्प. कुणीतरी म्हणालं अरे नंतर बोलू, तर म्हणे सत्याला नंतर नसतं.

प्रश्न विचारला म्हणून माझा राग नाही बरं का. प्रश्न विचारणं शास्त्रालाच मान्य आहे, बिरुया गावची माणसं प्रेषित पौलाचं बोलणं ऐकून घरी गेली आणि हे असंच आहे का म्हणून रोज शास्त्र धुंडाळत बसली, प्रेषितांची कृत्ये सतराव्या अध्यायात त्यांचं कौतुक केलंय. राग आहे तो पुढच्या गोष्टीचा. त्या गेलेल्या बाईंची धाकटी बहीण तिथंच उभी होती, ऐंशीच्या पुढची, अक्षरओळख नाही, आयुष्यभर भात लावला आणि भात कापला. त्यानं तिच्याकडं वळून विचारलं, मावशी, तू तरी सांग, वाचलंयस का कधी? ती काय सांगणार? तिला वाचता येत नव्हतं म्हणूनच तर मतांगीकार होता! पिता, पुत्र, मरिया, पिलात, क्रूस, तिसरा दिवस, पुन्हा येणार, हा सगळा शुभवर्तमानाचा सांगाडा तिला दीड मिनिटात तोंडपाठ होता आणि तो तिला तिच्या आईनं दिला होता, आईलाही वाचता येत नव्हतं. त्या दिवसापासून ती अक्का उपासनेत मतांगीकाराच्या वेळी उभी राहते पण तोंड मिटून. मी शेजारी उभा राहून पाहिलंय. ओठ हलायला बघतात आणि ती ते दाबून धरते. आणि दोन्ही घरांचा नाताळचा फराळ एकमेकांकडं जायचा बंद झालाय तो वेगळाच.

त्या पोराला कुणीच बसवून सांगितलं नाही की बाबा, तुझा हा प्रश्न सोळाशे-सतराशे वर्षांपूर्वी विचारून झालाय आणि त्याचं काय झालं ते लिहून ठेवलेलं आहे. आपल्या संडे स्कूलमध्ये नोहाचं तारू रंगवून घेतात, योना आणि मासा रंगवून घेतात, चांगलंच आहे, पण पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना नायसियाच्या परिषदेची गोष्ट कुणी सांगत नाही. नायसिया म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं इझ्निक. २०२५ ला त्या परिषदेला १७०० वर्षं झाली.

ती गोष्ट सांगतोच, कारण ती खरंच बघण्यासारखी आहे. अलेक्झांड्रियात अरियस नावाचा वडील, म्हणजे मंडळीचा पाळक, होता, म्हातारा, अभ्यासू, लोकांत मान असलेला, त्याचं म्हणणं पुत्र हा निर्माण केलेला आहे, सगळ्यात श्रेष्ठ पण निर्मितीच, तो नव्हता असा एक काळ होता. आणि त्यानं ते गाण्यांत घातलं, खलाशांसाठी, गिरणीवाल्यांसाठी, वाटसरूंसाठी, असं जुने लेखक सांगतात. गाणं उपदेशापेक्षा लांब जातं हे आपल्या भजनी मंडळांना सांगायला नको. भांडण पेटलं, सम्राट कॉन्स्टंटाइननं ३२५ साली बिशपांना बोलावलं, परंपरेनं ३१८ जण आले म्हणतात. अलेक्झांड्रियाच्या बिशपाबरोबर त्याचा सेवक-दीक्षित, म्हणजे डीकन, म्हणून एक तरुण आलेला, अथनेशियस. पुढं हाच बिशप झाला आणि पाच वेळा हद्दपार झाला. आत काय घडलं ते त्यानं लिहून ठेवलंय.

बिशपांची पहिली इच्छा काय होती माहितीये? शास्त्रातलेच शब्द वापरायचे! त्या गावातल्या पोराला हवं होतं तेच. म्हणाले, लिहूया की पुत्र देवापासून आहे. तर अरियसच्या बाजूची माणसं एकमेकांना डोळ्यांनी खुणावायला लागली, आम्हालाही मान्य, कारण सगळंच देवापासून आहे असं पौलानं करिंथकरांस लिहिलंय. बरं, मग लिहूया पुत्र हा देवाचं सामर्थ्य आहे. पुन्हा कुजबुज, पुन्हा मान्य, कारण योएलाच्या पुस्तकात टोळधाडीलाही देव माझं मोठं सैन्य म्हणतो आणि ग्रीकमध्ये सैन्याला आणि सामर्थ्याला शब्द एकच. म्हणजे बघा, ख्रिस्त आणि टोळ एका रांगेत बसले तरी चालेल, शब्द शास्त्रातला आहे ना! शेवटी ज्याला डोळा मारता येणार नाही असा एक शब्द घालावा लागला, होमोऊसिओस, पुत्र पित्याशी एकाच तत्त्वाचा. हा शब्द शास्त्रात नाही. बिशपांना ते पक्कं माहीत होतं, कित्येकांना तो आवडलाही नव्हता, कारण साठेक वर्षांपूर्वी अंत्युखियाच्या सभेत दुसऱ्या एका वादात हाच शब्द नाकारला गेला होता.

आपल्याकडं शेताला बांध कधी घालतात? शेजाऱ्याचा नांगर आत यायला लागला की. जमीन आधीपासून तीच असते, बांधावर काही पिकत नाही, पण बांध काढून टाका आणि बघा दोन पावसाळ्यांत काय राहतं ते. होमोऊसिओस हा असा शब्द आहे, त्रैक्य हाही असाच.

आणि अथनेशियसनं अरियसवाल्यांना जे विचारलं ते मला फार आवडतं. तुम्ही म्हणता आमचा शब्द शास्त्रात नाही, मग 'तो नव्हता असा एक काळ होता' हे तुमचं वाक्य शास्त्रात कुठं आहे? 'शून्यातून झाला' हे पुत्राबद्दल कुठं लिहिलंय? शास्त्राबाहेरचे शब्द आधी तुम्ही आणलेत, आम्ही त्याला उत्तर दिलं. आता हा प्रश्न घरी घेऊन जा, कामाला येईल. कारण जो माणूस त्रैक्य शब्द दाखवा म्हणतो तो देवाबद्दल पुढं जे काही समजावून सांगतो ते पण स्वतःच्याच शब्दांत सांगतो. शास्त्रातली वाक्यं नुसती एकापुढं एक म्हणून दाखवली तर शिकवण होत नाही, वाचन होतं.

बरं, फक्त शास्त्रातलेच शब्द, हा प्रयोगही करून झालाय. ३५७ साली सिर्मियम या शहरात जमून काही बिशपांनी ठरवलं, तत्त्व वगैरे शब्द शास्त्रात नाहीत, लोकांचा गोंधळ होतो, सगळ्यांवर बंदी. नायसियाला हजर असलेला बिशप होसियस, तेव्हा शंभरीच्या घरातला म्हातारा, त्याच्यावर दबाव आणून सही घेतली. वाद मिटला का? उलट त्याच कागदात पिता मोठा, पुत्र त्याच्या अधीन, हे एका बाजूचं म्हणणं बिनदिक्कत लिहून टाकलं. शब्द काढले आणि मत मात्र आत घातलं. म्हणून कुणी म्हणालं की आम्ही कुठलाही सिद्धांत मानत नाही, नुसतं बायबल मानतो, की मी जरा सावध होऊन ऐकतो. ३८१ ला कॉन्स्टंटिनोपलला परत नायसियाच्याच शब्दावर यावं लागलं.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवलीय, दहा मिनिटं. खानापूरच्या मंडळींची बसही आहे. म्हणजे कार्डावर जे छापलंय ते आता धावत धावत.

त्रैक्य. शब्द नाही, शास्त्राच्या बाहेरून आला, १८० च्या सुमारास अंत्युखियाच्या थिओफिलसनं ग्रीकमध्ये, मग कार्थेजच्या तर्तुलियननं लॅटिनमध्ये वापरला. आशय आहे. मत्तय २८:१९ पिता, पुत्र, पवित्र आत्मा आणि नाव एकच, २ करिंथ १३:१४ चा आशीर्वाद आपण दर रविवारी घेतो, येशूच्या बाप्तिस्म्याच्या वेळी तिघंही एकाच चित्रात, योहान १:१ 'शब्द देव होता', इथं शब्द म्हणजे ख्रिस्त. विरुद्ध बाजूचं वचन लपवू नका, योहान १४:२८, पिता माझ्यापेक्षा थोर आहे. ते वाचा आणि त्याच शुभवर्तमानातलं १०:३० पण वाचा, मी आणि पिता एक आहोत. दोन्ही एकत्र धरायला गेलात की नायसियाच्या दारात येऊन उभे राहता. आणि एक गोष्ट आपल्याच लोकांना. १ योहान ५:७ मधलं 'स्वर्गात साक्ष देणारे तिघे' हे वाक्य पुरावा म्हणून देऊ नका. ते जुन्या ग्रीक हस्तलिखितांत नाही. ग्रीक नवा करार छापणाऱ्या इरॅस्मस या विद्वानानं १५१६ आणि १५१९ च्या आवृत्त्यांत घातलं नव्हतं, दबाव आल्यावर १५२२ ला घातलं, हल्लीच्या बहुतेक भाषांतरांतून ते गळलंय. त्रैक्याला त्या वाक्याची गरज नाही, आणि खोट्या टेकूवर उभं केलेलं पोरं एका सर्चमध्ये पाडतात.

देहधारण. याला वाद नको, योहान १:१४, शब्द देही झाला. इथं शब्द आणि आशय जवळजवळ एकच.

मूळ पाप. आधार आहे, रोमकरांस ५ वा अध्याय, एका माणसाच्या द्वारे पाप जगात आलं. पण जन्मतःच बाळ आदामाच्या दोषात भागीदार, ही पुढची मांडणी ऑगस्टीन या पश्चिमेकडच्या बिशपाची, आणि पूर्वेकडच्या मंडळ्यांनी ती तशी कधी घेतली नाही. म्हणून मी म्हणेन पाया शास्त्रातला, वरचा मजला ऑगस्टीनचा, आणि शिकवताना दोन्ही वेगळे सांगा.

केवळ विश्वासानं, म्हणजे माणूस देवापुढं नीतिमान ठरतो तो फक्त विश्वासानं. आम्हा प्रोटेस्टंटांचा लाडका शब्द, आणि मी तो मनापासून मानतो. पण 'केवळ विश्वासाने' हे शब्द शास्त्रात एकदाच जोडीनं येतात ते याकोब २:२४ मध्ये, आणि तिथं 'केवळ विश्वासाने नव्हे' असं आहे. रोम ३:२८ मधला 'केवळ' धर्मसुधारक ल्यूथरनं १५२२ च्या जर्मन भाषांतरात घातला. त्याचं म्हणणं पौलाच्या आशयाला धरूनच आहे असं माझं मत. पण मग बघा, आपणही इथं आशयच सांगतोय ना? जो नियम इथं लावला तो त्रैक्याला नाकारायचा कसा?

रॅप्चर, उचलून घेणं. १ थेस्सल ४:१७ मध्ये मेघांत घेतले जाऊ हे आहे, नक्की आहे. पण आधी गुपचूप विश्वासणारे उचलले जाणार, मग सात वर्षं संकट, मग प्रभू उघड येणार, ही क्रमवारी पसरली ती एकोणिसाव्या शतकात डार्बी नावाच्या उपदेशकापासून. त्रैक्य नको म्हणणारे व्हिडिओ या क्रमवारीचे तक्ते मात्र भिंतीएवढे दाखवतात. माझ्या मते हा शब्द लंगडतो, शब्दाला वचन आहे पण वेळापत्रकाला नाही.

फादर बसलेत म्हणून शुद्धीस्थान, म्हणजे मेल्यावर आत्म्याची शुद्धी होते ती अवस्था, टाळणार नाही. कॅथलिक मंडळी मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकाचा बारावा अध्याय दाखवतात, मेलेल्यांसाठी प्रार्थना आणि अर्पण. ते पुस्तक त्यांच्या ७३ मध्ये आहे, आमच्या ६६ मध्ये नाही. म्हणजे इथं वाद शब्दाचा राहतच नाही, पुस्तकं किती हा होतो. आणि पुस्तकं किती हे कुठल्या वचनात लिहिलंय, सांगा की ओ. नव्या कराराची आपली हीच २७ पुस्तकं, यातलं एकही कमी-जास्त नाही, अशी यादी आपल्याला पहिल्यांदा मिळते ती ३६७ सालच्या एका ईस्टरच्या पत्रात. पत्र लिहिणारा कोण? तोच अथनेशियस. बायबलमध्ये दाखवा म्हणताना त्या पोरानं जे पुस्तक हातात धरलं होतं त्याची अनुक्रमणिका पण शास्त्रातल्या कुठल्या वचनानं दिलेली नाही, मंडळीनं वाचत, पारखत, भांडत ती ठरवली.

सोयऱ्यांपैकी कुणी इथं असेल तर त्याला माझा निरोप द्या, घरी ये, मी वाद घालणार नाही, दोघं बसून वाचू. पण आधी अक्काकडं जा. रविवारी उपासनेला ती डावीकडं खिडकीपाशी असते, तिच्या शेजारी उभा राहा आणि मतांगीकार तू सुरू कर. प्रश्न आता लिहूनच द्या, बस चुकायला नको.