सँक्शन झालं, मग पैसे काहून अडले?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. सावद्याजवळच्या एका खेड्यातले, माझ्या विद्यार्थ्याचे वडील संध्याकाळी घरी आले. हातात चार घड्या पडलेलं इंग्रजी पत्र. त्यांची केळी खोक्यांत भरून इराणला गेली होती आणि पैसे थांबले होते. माल नेणाऱ्यानं लिहिलं होतं, सँक्शन्समुळे पेमेंटला उशीर होत आहे. त्या शब्दावर बोट ठेवून ते म्हणाले, "सर, सँक्शन झालं ना? मग पैसे काहून अडले?"

प्रश्न रास्त होता. आपल्याकडे हा शब्द घरात येतो तो बँकेतून आणि पंचायत समितीतून. पीककर्ज सँक्शन झालं, विहीर सँक्शन झाली, म्हणजे आता पैसे येणार. इराणवरची सँक्शन्स याच्या नेमकी उलट. २०१८ साली अमेरिका इराणबरोबरच्या अणुकरारातून बाहेर पडली आणि तिनं इराणवर पुन्हा निर्बंध लादले. अन्नपदार्थांना त्यातून सूट आहे. पण माल केळीचा असला तरी पैसा बँकेतूनच यावा लागतो, आणि इराणचं नाव दिसलं की बँका हात आखडतात.

मग मंजुरी आणि बंदी एका शब्दात आली कशी? मूळ लॅटिनमध्ये आहे. सांकिरे म्हणजे पवित्र ठरवणं, कुणी मोडू नये असं करणं. संताला इंग्रजीत म्हणतात तो सेंट त्याच कुळातला, आणि आपल्या यावल अभयारण्याला इंग्रजीत ज्यामुळे सँक्चुअरी म्हणतात तो शब्दही. त्यापासून सांक्तिओ झाला: फर्मान, आणि कायद्यातलं ते कलमही, जे मोडणाऱ्याला काय शिक्षा हे सांगतं. युरोपात १७१३ साली सम्राट सहाव्या चार्ल्सनं मुलीलाही गादी मिळावी म्हणून काढलेलं फर्मान प्रॅग्मॅटिक सँक्शन म्हणूनच ओळखलं जातं. फर्मानानं एखाद्या गोष्टीला अधिकार मिळतो, तिकडून मंजुरीचा अर्थ आला. शिक्षेच्या कलमातून निर्बंधाचा आला.

हे परकं वाटायचं कारण नाही. आपला 'शासन' शब्द घ्या. शासन म्हणजे सरकार, शासन म्हणजे आज्ञा, आणि "त्याला कडक शासन झालं" म्हटलं की शिक्षा. राजानं जमीन दिली की ताम्रशासन, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावरची राजाज्ञा, कोरलं जाई. चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवणाऱ्या मठाला दान दिल्याचा शिलालेख आहे, शके ११२८ चा. जुन्या दानलेखांत पुष्कळदा शेवटी शाप असतो: हे दान जो मोडील त्याचं वाटोळं होवो. वर देणगी, खाली शाप, दगड एकच. सँक्शनचे दोन्ही अर्थ समजायला मला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

आता वापराचं. नाम एकवचनी असेल तर बहुधा मान्यता. अनेकवचनी आणि पुढं एखाद्या देशाचं नाव असेल तर निर्बंध. क्रियापदाला मात्र कर्म बघावं लागतं. कर्ज, निधी, पद यांना सँक्शन केलं म्हणजे मंजूर केलं. देशाला, कंपनीला, माणसाला केलं म्हणजे निर्बंध घातले. क्रियापदाचा हा अर्थ बराच नवा, विसाव्या शतकातला. सँक्शन्ड पोस्ट म्हणजे मंजूर पद. सँक्शन्ड शिप म्हणजे निर्बंध घातलेलं जहाज, ज्याला माल द्यायला व्यापारी धजत नाही. विशेषण तेच, आणि नोकरीच्या जाहिरातीत किंवा निर्यातीच्या कागदात ते चुकीचं वाचलं तर नुकसान खरं होतं. सरकारी नोकरावर खटला चालवायला सँक्शन लागतं, तिथं अर्थ परवानगीच, शिक्षा नव्हे. हे मी विद्यार्थ्यांना दरवर्षी फळ्यावर लिहून देत असे.

त्या संध्याकाळी एवढं सगळं सांगितलं नाही. पत्राच्या मागं पेन्सिलीनं 'निर्बंध' एवढंच लिहिलं आणि समजावलं. त्यांनी पत्र उलटून पुन्हा ते वाक्य पाहिलं, शब्दाच्या शेवटच्या अक्षरावर बोट फिरवलं. म्हणाले, "मग हे उठणार कधी, ते कुठं लिहिलंय?"

मी पत्र पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचलं. त्यात ते नव्हतं.