पुण्याला जावं की इथंच राहावं

(लातूर जिल्ह्यातल्या ज्येष्ठ नागरिकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

मंडळी, विषय घरोघरचा आहे. इथं बसलेल्या निम्म्या लोकांची लेकरं पुण्यात असतील, बाकीच्यांची संभाजीनगरला, हैदराबादला, नाहीतर आणखी लांब. दिवाळीला येतात, जाताना डिकीत ज्वारीचं पोतं आणि तुरीची डाळ टाकतात आणि गाडीत बसता बसता म्हणतात, "बाबा, आता इथं कशाला राहता? चला ना तिकडं." आपण म्हणतो, "बघू." हे बघू दहा-दहा वर्षं चालतं.

माझी नोकरी कोषागारातली. निवृत्तिवेतन दुसऱ्या जिल्ह्यात वर्ग करा, असे अर्ज टेबलावर यायचे. त्यातले बरेचसे दोनच कारणांनी आलेले असत. एक तर जोडीदार गेलेला, नाहीतर न्हाणीत पाय घसरून खुबा मोडलेला. अर्जावर सही म्हाताऱ्याची, अक्षर मुलाचं. म्हणजे हा माणूस गेला नव्हता, त्याला नेलं होतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. जायचं तर हातपाय धड आहेत तोवर जा. आणि राहायचं असेल तर त्याचीही तयारी करावी लागते. नुसतं बसून राहण्याला आपण 'मी गाव सोडणार नाही' असं भारदस्त नाव देतो, बस.

वेळ न मिळता उठावं लागलं तर काय होतं, हे आपल्या भागाला सांगायला नको. १९९३ची गणपती विसर्जनाची रात्र सरता सरता, ३० सप्टेंबरच्या पहाटे भूकंप झाला. सुमारे ८,००० माणसं गेली. पुढं ५२ गावं पूर्णपणे नव्या जागी वसवली. जुनी गावं दाटीवाटीची, दगडमातीच्या जाडजूड भिंती आणि वर मातीचं माळवद. त्या भिंतींनीच माणसं गाडली, तेव्हा तिथून उठणं भागच होतं. नवी गावं ऐसपैस झाली, रस्ते सरळ झाले. पण ऐसपैस झाली म्हणूनच शेजार लांब गेला, शेतही लांब पडलं. तरण्या पोरांनी मोटारसायकली घेतल्या. ज्या म्हाताऱ्याचं सगळं जग वाड्याच्या दारातल्या ढाळजेतून दिसायचं, त्याला पक्कं घर मिळालं आणि बोलायला माणूस मिळेना. त्या लोकांना निवड नव्हती. आपल्याला आहे, आणि आपण ती वाया घालवतो.

राहायचं ठरवलंत तर पहिला हिशोब रात्री दोनचा करा. पक्षाघाताचा झटका आला तर रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन करावाच लागतो. १०८ची गाडी फुकट आहे, पण ती तुमच्या गल्लीत यायला किती वेळ, तिथून अंबाजोगाई किंवा लातूर किती वेळ, हे घड्याळ लावून बघा. औसा-निलंग्याच्या माणसाचं उत्तर वेगळं येईल, किनवटच्या माणसाचं वेगळं. सत्तरी ओलांडलेल्यांना २०२४पासून उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार आहेत. कार्ड काढून ठेवा, पण कार्ड गाडी चालवत नाही. शेजारच्या कुणाकडे तरी घराची किल्ली हवी, न्हाणीत धरायला दांडी हवी, झोपायची खोली खाली हवी. वाड्याचा उंबरा दीड वीत उंच आहे याचा अभिमान गुडघा चांगला असेपर्यंतच.

जायचं ठरवलंत तर एकदम चंबूगबाळं उचलू नका. आधी एक अख्खा उन्हाळा काढा तिकडं. आपला उन्हाळा कसा असतो ते सांगायला नको, २०१६ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. मग एक पावसाळा काढा. पंचाहत्तरी झालेल्यांना एसटी २०२२पासून फुकट आहे, ६५च्या पुढं अर्धं तिकीट, बायकांना तर २०२३पासून सगळ्याच वयात अर्धं. जाऊन-येऊन राहायला पैसा आडवा येत नाही, आडवी येते ती लाज. लोक काय म्हणतील, गेला आणि परत आला. म्हणू द्या.

तिकडं काय होतं ते मी पाहिलंय. पुण्यात वाकडच्या एका सोसायटीत आमच्याकडचे एक तात्या आहेत. गेटवरचा वॉचमन त्यांना लेकाच्या घरी जाताना फ्लॅट नंबर विचारतो, त्यांना तो आठवत नाही. पण पार्किंगमधल्या सगळ्या गाड्यांचे नंबर पाठ आहेत. एमएच-२४, म्हणजे आपल्या लातूरची गाडी दिसली की त्या गाडीजवळच्या कट्ट्यावर बसून राहायचं, मालक येईपर्यंत. मालक आला की, "कुठलं गाव?" अहमदपूर निघालं तर अर्धा तास, उदगीर निघालं तर तास. दोन वर्षांत त्यांनी असा पंधरा-वीस माणसांचा पार जमवलाय. हे त्यांना जमलं कारण ते गेले तेव्हा चालते-फिरते होते. पलंगावरून पलंगावर गेलेल्या माणसाला कट्टा कुठून मिळणार?

आता मालमत्तेचं, कारण खरी गाठ तिथंच असते. मुलाला, मुलीला किंवा नातवाला राहतं घर, शेती बक्षीसपत्रानं द्यायची तर आपल्या राज्यात मूळ मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. स्वस्त आहे म्हणून माणूस मोहात पडतो, 'जातोच आहे तर करून टाकू.' थांबा. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ सांगतं की सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ झाला नाही, तर ते बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं. अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडं करायचा. पण अट असली पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२२मध्ये स्पष्ट केलंय. तेव्हा ती कागदावरच लिहून घ्या. आपल्याकडं अट लिहायची म्हटलं की पोराला राग येतो आणि बापाला संकोच वाटतो. मृत्युपत्र त्याहून सोपं: दोन साक्षीदार पुरतात, नोंदणीची सक्ती नाही आणि डोळे मिटेपर्यंत बदलता येतं.

शेतीचं दुखणं वेगळं. बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर दिलं तर कूळ लागेल, कसणाऱ्याचा जमिनीवर हक्क येईल, ही धास्ती हैदराबाद संस्थानच्या काळापासून आपल्या हाडात आहे. आपल्याकडचा कूळकायदाच मुळी १९५०चा, हैदराबादचा. त्या धास्तीपायी काही जण सत्तरीत स्वतः सोयाबीन पेरतात. भावकीतलं, नात्यातलं भरवशाचं माणूस बघा, करार वर्षाचा आणि लेखी करा. ई-पीक पाहणी, म्हणजे पिकाची मोबाइलवरची नोंद, बांधावर उभं राहून करावी लागते, ती वाकडच्या बाल्कनीतून होत नाही, म्हणून ती कोण करणार हेही त्याच कागदात घाला. निवृत्तिवेतनाची मात्र काळजी नको. नोव्हेंबरातला हयातीचा दाखला आता मोबाइलवर चेहरा दाखवून निघतो.

आणि येळवस, म्हणजे आपली वेळ अमावास्या. वर्षभर कुठंही राहा, येळवसला शेतात भज्जी-आंबिल खायला या, यावर माझा कुणाशीही वाद नाही.

एक मुद्दा राहिला, आणि तो मला सगळ्यात मोठा वाटतो. आत्तापर्यंत मी 'तुम्ही' म्हणालो तेव्हा सगळ्या धोतर-पायजम्यांनी माना डोलावल्या. गाव सोडवत नाही म्हणता, ते कुणाचं गाव? तुमचं गाव म्हणजे पार, हॉटेलातला चहा, ग्रामपंचायतीचं राजकारण. तुमच्या बायकोचं गाव म्हणजे आठवड्यातून दोनदा येणारं नळाचं पाणी रात्री उठून भरणं, वाड्याचा झाडलोटीचा पसारा आणि तुमच्या पंगती. तिला कदाचित सुटायचं असेल. किंवा उलटंही असेल: तिकडं गेलं की नातवंडं, डबे आणि सुनेच्या ऑफिसची वेळ तिच्याच गळ्यात पडणार, हे तिला ठाऊक असेल आणि इथल्या भजनाच्या बायका सोडवत नसतील. मला ठाऊक नाही, तुम्हालाही ठाऊक नाही, कारण विचारलेलं नाही. जेवताना विचारू नका, तेव्हा ती वाढत असते. ती बसलेली असेल तेव्हा विचारा, आणि उत्तर मधेच तोडू नका.

आता प्रश्न घेऊ. माईक आधी त्या बाजूला द्या, बायकांकडं.