आधी कॉम्प्रेशन, मग वाद

मंडळी, आजचा विषय आहे ‘गाडीच्या आहे त्याच इंजिनाची ताकद वाढवावी की दुसरं इंजिन टाकावं?’ त्याचं उत्तर मी देणार आहे. पण आधी एक गोष्ट बोलून घेतो, बरेच दिवस मनात साचली आहे. टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा, लावावा की मोठं इंजिन टाकावं, यावर आपण तासन्‌तास भांडतो. ज्या इंजिनावरून भांडण चाललंय, त्याचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये पिस्टन हवा किती दाबतो ते, मात्र कुणी तपासलेलं नसतं. हात वर करून सांगा, गेल्या वर्षभरात स्वतःच्या गाडीचं कॉम्प्रेशन कुणी कुणी मोजलं? ठीक. आणि सायलेन्सर कुणी कुणी बदलला? (हशा) बघा, हे हात मोजायलाच नकोत.

माझ्या ओळखीचा एक तरुण आहे. गाडी जुनी, चार सिलिंडरची, त्याची अतिशय लाडकी. चढाला दम लागायला लागला, आयडलवर, म्हणजे उभ्या जागी चालू असताना, थरथरायला लागली. एका गॅरेजात दाखवली. तिथे बॉनेट उघडलं, दोनदा रेस केली आणि निकाल दिला: इंजिन संपलं, दुसरं टाका. पोरगा हिशेब मांडूनच माझ्याकडे आला. दुसरं टाकायचंच तर मोठंच टाकतो, म्हणाला. मी विचारलं, प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन किती आलं? मोजलंच नव्हतं! मला या गोष्टीचा मनापासून राग येतो. थर्मामीटर न लावता थेट ऑपरेशनची तारीख देण्यातला हा प्रकार आहे.

आम्ही मोजलं. मोजण्याची रीत सांगतो, कारण इथेही घोटाळे होतात. इंजिन गरम हवं. सगळे प्लग काढायचे, इग्निशन आणि पेट्रोल दोन्ही बंद करायचं, बॅटरी भरलेली हवी आणि अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा. थ्रॉटल, म्हणजे हवा आत सोडणारा पडदा, मिटलेला राहिला तर हवा आतच जात नाही आणि चांगलं इंजिनही आजारी दिसतं. गेज लावून स्टार्टर मारायचा, काटा थांबेपर्यंत. तीन सिलिंडरमध्ये 12 बारच्या (बार हे दाबाचं माप) आसपास आलं, चौथ्यात 7. इथे आकडा किती यापेक्षा आकड्यांमधला फरक जास्त बोलतो. सगळे सारखेच थोडे कमी असतील तर ते वय आहे. एकच खूप कमी असेल तर तो बिघाड आहे. शेजारशेजारचे दोन कमी असतील तर मधल्या हेड गॅस्केटवर, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्यामधल्या पॅकिंगवर, संशय घ्यायचा.

मग त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजलं. ऑइलने रिंगांभोवतीची, म्हणजे पिस्टनवरच्या कड्यांभोवतीची, फट तात्पुरती भरते. आकडा वाढला तर दोष रिंगांचा किंवा बोअरचा, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीचा. आमचा आकडा जागचा हलला नाही. मग लीकडाउन केलं, आणि ही मला सगळ्यात आवडणारी चाचणी आहे. पिस्टन वर आणून, दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असताना, प्लगच्या भोकातून दाबाची हवा सोडायची आणि कान द्यायचा. ऑइलच्या झाकणातून फुसफुस आली तर रिंगा. इनटेककडून आली तर इनटेक व्हॉल्व्ह. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. आमची हवा सायलेन्सरमधून येत होती, म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळलेला. हेड उतरवलं, व्हॉल्व्ह बदलला, सीट घासून घेतली. खालचा अर्धा भाग, म्हणजे क्रँक, बेअरिंग, पिस्टन, शाबूत होता. गाडी आज छान पळते. वाढवलंही नाही, बदललंही नाही. हे तिसरं उत्तर वादात कुणी मांडतच नाही, म्हणून इतका वेळ घेतला.

आणखी एक. दुसरं इंजिन टाकू म्हणणारे बहुतेक जण तुटलेल्या गाडीतून निघालेलं इंजिन आणतात. तेही कुणीतरी वापरलेलंच असतं. ते जमिनीवर ठेवलेलं असताना लीकडाउन करता येतं. विकणारा करू देत नसेल तर घेऊ नका.

मला चिठ्ठी आली आहे, वेळ थोडा उरलाय. तर कबूल केलेला विषय भरभर घेतो.

इंजिन निरोगी आहे हे कळलं, की पुढचा प्रश्न त्याची मर्यादा कुठे आहे हा. ताकद म्हणजे शेवटी हवा. 1 ग्रॅम पेट्रोल पुरतं जाळायला सुमारे 14.7 ग्रॅम हवा लागते, म्हणून जास्त पेट्रोल जाळायचं तर जास्त हवा आत घालावी लागते. साध्या इंजिनाला नुसता फिल्टर आणि सायलेन्सर बदलून मिळतं ते थोडंच. टर्बोने 0.5 बार दाब वाढवला तर फार तर दीडपट हवा जाते, पण दाबलेली हवा तापते, नॉकिंग, म्हणजे पेट्रोलचं अवेळी ठोके देत पेटणं, सुरू होतं आणि पिस्टन फुटतात. त्यासाठी ती हवा थंड करणारा इंटरकूलर, नीट ट्यूनिंग आणि बऱ्याचदा कमी कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे पिस्टनने हवा कमी पटीत दाबणं, लागतो. फेरे वाढवून ताकद काढायची तर कनेक्टिंग रॉडवरचा ताण फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो: मिनिटाला 6000 वरून 7200 म्हणजे फेरे 20 टक्के जास्त, ताण 44 टक्के. मोठा कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, टाकला तर आयडलला व्हॅक्यूम कमी होतो आणि ब्रेकचा बूस्टर कमजोर पडतो, हेही ध्यानात ठेवा. टोयोटाच्या 2जेझेड-जीटीई या टर्बो इंजिनाचं नाव सगळे घेतात. त्याचा ब्लॉक बिडाचा आणि जाड, जपानात कारखान्यातून 280 पीएस (मेट्रिक हॉर्सपॉवर). त्याच्यात वाढायला जागा होती. तुमच्या इंजिनात ती आहे का, हे त्याच इंजिनावर काम केलेल्यांना विचारा. हवी तेवढी ताकद मूळ पिस्टन-रॉडवर मिळत असेल तर वाढवा. त्यासाठी इंजिन पूर्ण खोलून पिस्टन, रॉड सगळं नवं घालायची वेळ येत असेल, तर दुसऱ्या इंजिनाचा हिशेब मांडायला हरकत नाही.

दुसरं इंजिन टाकायचं तर शक्यतो त्याच घराण्यातलं मोठं बघा, माउंटिंग आणि गिअरबॉक्स जुळायची शक्यता जास्त असते. माझदा एमएक्स-5 सुरुवातीला 1.6 लिटरची होती. पुढे कंपनीने 1.8 दिलं तेव्हा डिफरन्शिअलही, म्हणजे चाकांना ताकद वाटणारा गिअरचा संचही, मोठं दिलं. कारखान्याला जे बदलावं लागलं ते तुम्हालाही बदलावं लागेल: क्लच, डिफरन्शिअल, रेडिएटर, ब्रेक. जनरल मोटर्सचं एलएस1 इंजिन, 1997 चं, 5.7 लिटर असूनही अनेक गाड्यांत मावतं, कारण कॅम ब्लॉकमध्येच असल्याने हेड लहान आहेत आणि ब्लॉक अॅल्युमिनियमचा. तरीही ऑइलचं चेंबर खालच्या क्रॉसमेंबरला, म्हणजे चेसिसच्या आडव्या पट्टीला, अडतं का, ते इंजिन घेण्याआधी टेपने मोजा. पुढच्या चाकांवर किती वजन वाढेल तेही बघा.

वायरिंग हा सगळ्यात मोठा खड्डा आहे. नव्या गाड्यांत ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक), इमोबिलायझर (खऱ्या चावीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारं कुलूप) आणि मीटर एकमेकांशी बोलतात. त्यातला एक दुवा तुटला की इंजिन सुरूच होत नाही. इंजिन उतरवून झाकून ठेवलेल्या कितीतरी गाड्या मी पाहिल्या आहेत, त्यातल्या बहुतेक इथेच अडल्या आहेत. म्हणून इंजिनासोबत त्याचा ईसीयू आणि पूर्ण वायरिंग न कापता घ्या. नोंदणीतला इंजिन क्रमांक, प्रदूषणाचा नियम आणि विमा यांची लेखी मान्यता पैसे देण्याआधी मिळवा, कारण अनेक ठिकाणी नवं इंजिन मूळ गाडीपेक्षा जुन्या प्रदूषण निकषाचं चालत नाही. चला, प्रश्न घेऊ या.